हा प्रश्न कोणत्या विषयाचा?

बांगलादेशात १९७०च्या दशकापासून गावोगावी लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. तळ्यांच्या दूषित पाण्यामुळे जुलाब आणि पटकीने मुलं दगावत होती, आणि जमिनीखालचं पाणी जंतूंपासून बरंच सुरक्षित होतं. युनिसेफचं या कामाला पाठबळ होतं. हेतू चांगला होता, तंत्र सोपं होतं. पण त्या पाण्यात आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य आहे का, हे कुणी पाहिलं नाही, कारण तेव्हाच्या नेहमीच्या तपासणीत आर्सेनिकची चाचणीच नव्हती. ते आढळलं १९९३मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली आलेल्या लेखात ३.५ ते ७.७ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज होता.

शाश्वत विकासाचे प्रश्न विद्यापीठात कसे शिकवावेत, याची चर्चा मला इथून सुरू करावीशी वाटते. कूपनलिका खोदणाऱ्या अभियंत्याचं काम त्याच्या विषयाच्या चौकटीत चोख होतं. भूशास्त्रज्ञाला विचारलं तर तो सांगेल, की नद्यांनी आणलेल्या गाळात लोहाच्या ऑक्साइडला आर्सेनिक चिकटलेलं असतं. प्राणवायू नसलेल्या थरांत सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांवर जगतात, त्या प्रक्रियेत हे लोह विरघळतं आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. डॉक्टर सांगेल, की त्वचेवर डाग दिसायला अनेक वर्षं जातात. कर्करोग त्याहूनही उशिरा येतो. रसायनशास्त्रज्ञ गाळणी सुचवेल, पण गाळणीत साठलेलं आर्सेनिक टाकायचं कुठे हा प्रश्न उरतोच. मग विषारी नळ लाल आणि सुरक्षित नळ हिरवे रंगवले गेले. हा उपाय साधा आणि उपयोगी होता. पण बहुतेक कूपनलिका खासगी होत्या. हिरवा नळ दुसऱ्याच्या अंगणात असेल, तर रोज तिथे जायचं कुणी आणि कुणाच्या परवानगीने? पाणी आणणाऱ्या बायकांचं चालणं वाढलं, आणि हे पाण्याच्या चाचणीच्या अहवालात दिसत नाही. शिवाय तेच उथळ भूजल भातशेतीलाही जातं, म्हणजे विष जमिनीतही उतरतं.

यातला एकही माणूस आपल्या विषयात चुकत नव्हता. प्रश्नाची हद्द कुठे आखायची, हे मात्र कुणीच एकत्र बसून ठरवलं नव्हतं. होर्स्ट रिट्टेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी १९७३मध्ये नियोजनाच्या संदर्भात नेमकं हेच मांडलं: काही प्रश्नांची व्याख्या करणं हाच त्यांचा अवघड भाग असतो, त्यांना ‘आता सुटला’ असा शेवट नसतो, आणि केलेला प्रत्येक उपाय मागे परिणाम सोडतो, त्यामुळे तालमीची संधी मिळत नाही.

म्हणून ‘पर्यावरण’ नावाचा एक जादा पेपर अभ्यासक्रमाला जोडून काम भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. विद्यार्थ्यांना आधी उत्तर मागूच नये. अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, जीवशास्त्र अशा वेगवेगळ्या शाखांची पाच-सहा मुलं एका गटात बसवावीत. कूपनलिकेसारखा एक खरा प्रश्न द्यावा आणि त्यात काय काय कशाला जोडलेलं आहे, याचा नकाशा काढायला सांगावा. भांडणं होतील, व्हायलाच हवीत. ‘पुरावा’ म्हणजे एकाला मोजमापं हवी असतात, दुसऱ्याला लोकांशी झालेली दीर्घ बोलणी. जर्मनीतल्या लॉयफाना विद्यापीठात सगळ्या शाखांचे विद्यार्थी पहिलं सत्र एकत्र शिकतात. मला हे धाडस आवडतं. मात्र आपल्या विषयाची खोली नंतर यायलाच हवी, नाहीतर गटात सगळ्यांना सगळं थोडं थोडं येतं आणि कुणालाच काही नीट येत नाही.

काही कौशल्यं मात्र सर्वांनाच लागतात, आणि ती हुशारीने आपोआप येत नाहीत. जॉन स्टर्मन आणि लिंडा बूथ स्वीनी या संशोधकांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण स्थिरावण्यासाठी उत्सर्जन कसं बदलावं लागेल, ते रेखाटायला सांगितलं. बहुसंख्य विद्यार्थ्यांना वाटलं, उत्सर्जन वाढायचं थांबलं की प्रमाणही थांबेल. पण हवा पाण्याच्या टाकीसारखी असते: टाकीत येणारी धार जाणाऱ्या धारेपेक्षा मोठी असेल, तर ती कायम ठेवली तरी पातळी चढतच राहते. माणूस जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण निम्माच समुद्र आणि जमीन शोषून घेतात. उत्तम गणित येणाऱ्यांची इथे गफलत होते, तर हे वेगळं शिकवायलाच हवं.

डेनिस मेडोज यांनी तयार केलेला मासेमारीचा खेळ याच कामाचा आहे. प्रत्येक गट मासेमारी कंपनी चालवतो, जहाजं विकत घेतो, नफा मोजतो. मासे संपत आल्याचं बहुधा उशिरा लक्षात येतं, कारण जहाजं आधीच घेऊन ठेवलेली असतात. खेळाएवढीच महत्त्वाची आहे नंतरची चर्चा. मुलं आधी एकमेकांच्या हावेला दोष देतात. मग हळूहळू लक्षात येतं, की नियम तसे होते म्हणून सगळे तसे वागले. तिथे एलिनॉर ऑस्ट्रम यांचं काम समोर ठेवावं. अनेक समाजांनी सामाईक जंगलं, कालवे, मासेमारीच्या जागा स्वतः नियम करून दीर्घकाळ टिकवल्या, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. अशा अभ्यासात नियम जगणारे लोकच जाणकार असतात, म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांना फक्त प्रश्नावली भरायला लावून परत येऊ नये.

खरी अडचण गुणांची आहे. विभाग वेगळे, वेळापत्रकं वेगळी, आणि दोन विभागांच्या प्राध्यापकांनी मिळून शिकवलेला तास कुणाच्या कामात धरायचा हेही ठरलेलं नसतं. परीक्षेत ‘बरोबर उत्तर’ तपासलं जातं. माझी सूचना अशी: प्रश्नाचा पहिला नकाशा सत्राच्या सुरुवातीला जमा करून घ्यावा, दुसरा शेवटी. गुण द्यावेत ते दोन्हींतल्या फरकाला आणि तो फरक कुणाच्या बोलण्यामुळे पडला, याच्या लेखी कारणांना.