रानपिंगळा की साधा पिंगळा?

मेळघाट किंवा तोरणमाळ फिरून आलेल्यांच्या फोनमध्ये हमखास एखादा ‘रानपिंगळा’, म्हणजे ते दुर्मीळ छोटं घुबड, असतो. फोटो मोठा करून पाहिला की बऱ्याचदा तो गावातल्या चिंचेवरचा आपला साधा पिंगळाच निघतो. गफलत होणं साहजिक आहे. दोघंही साधारण मैनेएवढे, तपकिरी, पिवळ्या डोळ्यांचे. आणि एकाच सागाच्या रानात दोघंही भेटू शकतात, ही खरी पंचाईत.

पिसांमधला फरक पुस्तकात सोपा वाटतो. पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं. रानपिंगळ्याचं राखट तपकिरी, ठिपके असलेच तर बारीक आणि पुसट. रानपिंगळ्याची छाती जवळजवळ सलग तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पांढरे पट्टे. डोकं अंगाच्या मानाने थोराड, पाय पांढऱ्या पिसांनी गच्च झाकलेले. अंगभर बारीक आडव्या रेघा दिसल्या तर दोन्ही नावं सोडा, तो तिसराच, जंगली पिंगळा.

पण उंच झाडावर, पानांच्या कवडशांत डोक्यावरचे ठिपके कुणाला मोजता येतात? मी आधी घड्याळ बघतो आणि मग पक्षी काय करतोय ते. साधा पिंगळाही दिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला दिसतो, मात्र त्याचं पोटापाण्याचं काम मुख्यतः तिन्हीसांजेपासून सुरू होतं आणि त्यात किड्यांचा वाटा मोठा. रानपिंगळा भर दिवसा शिकार करतो. सकाळच्या उन्हात पानं झडलेल्या झाडाच्या शेंड्यावर उघडाच बसतो, शेपटी डावी-उजवीकडे झटकत जमीन न्याहाळतो आणि सरडा किंवा सापसुरळी हलली की खाली झेपावतो. उंदीरही खातो, पण सरड्यांवर भर जास्त. म्हणून त्याला विरळ, उघडं रान लागतं आणि घरट्यासाठी ढोली असलेली जुनी झाडंही. पिंगळ्याला तेवढी अट नाही. आमराई, पडका वाडा, भिंतीतलं भोक, काहीही चालतं. आवाजातही गल्लत नको: पिंगळ्यांची जोडी कचाकचा भांडल्यासारखी ओरडते, रानपिंगळ्याची साद आखूड आणि गोड.

या सवयींबद्दल १९९७ पूर्वी फारच थोडं माहीत होतं. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागात पहिला नमुना मिळाला, १८८४ मध्ये डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात शेवटचा मिळवला. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून फक्त सात कातडी. त्यातलं एक माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने गुजरातेत १९१४ मध्ये आपणच मिळवल्याचं सांगितलं होतं. ते चोरलेलं, मुळात डेव्हिडसनचं होतं, हे अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केलं. खोटं ठिकाण नकाशावरून पुसलं गेलं, शोध खऱ्या ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना जिवंत रानपिंगळा दिसला.

बातमी तिथे संपली, अभ्यास तिथून सुरू झाला. पक्षी-संशोधक फराह इश्तियाक यांनी असद रहमानी यांच्यासोबत हा पक्षी खातो काय, बसतो कुठे, पिल्लं कशी वाढवतो याच्या नोंदी केल्या. ‘भर दिवसा सरडे मारणारा’ हे वर्णन आपण आज सहज करतो, ते अशा कामातून आलेलं आहे. इश्तियाक पुढे पक्ष्यांमधल्या मलेरियाच्या संशोधनाकडे वळल्या. हौशी लोकांना ही उडी विचित्र वाटते. मला वाटत नाही. पक्षी कशाच्या जोरावर तगतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

आणखी एक गंमत. रानपिंगळ्याला वेगळी प्रजाती मानायचं की नाही हा वाद कधीच नव्हता, पण त्याची जातकुळी (शास्त्रीय भाषेत ‘जीनस’) स्वतंत्र धरावी का, यावर शंभरेक वर्षं मतभेद होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने त्याला साध्या पिंगळ्याच्याच जातकुळीत बसवलं. म्हणजे आपण फसतो ते नात्यातल्याच दोघांमध्ये.

२०१४ मध्ये तो मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जंगलातही सापडला, त्यामुळे सह्याद्रीच्या बाजूच्या सागाच्या रानांतही डोळे उघडे ठेवायला हरकत नाही. शंका आली तर नुसता चेहरा टिपू नका. छाती, पोट आणि शेपटी येईल असा फोटो घ्या, जमलं तर आवाज ध्वनिमुद्रित करा, आणि तो किती वाजता काय करत होता तेही लिहून ठेवा.