मेंदूच्या दुखापतीनंतर पुन्हा वाहन चालविणे

डोक्याला जबर मार बसून मेंदूला इजा झालेल्या माणसाने पुन्हा गाडी हाती घेणे आणि त्याआधी करावयाची तपासणी व सराव. गोव्यात ‘बांबोळीला नेला’ म्हटले की प्रकरण गंभीर, एवढे कोणालाही कळते. तिथल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून रुग्ण चालत घरी आला की महिनाभरात स्कूटरची चावी शोधू लागतो. हातपाय धड आहेत, मग अडचण कसली, असे त्याला मनापासून वाटते. आपल्यात काही उणे राहिले आहे याची जाणीवच कधीकधी दुखापतीत हरवलेली असते.

उणे राहते ते वरून दिसत नाही. उजव्या मेंदूला मार असेल तर नजर चांगली असूनही डावीकडे लक्ष जात नाही. ताटाच्या डाव्या बाजूची भाजी तशीच राहते आणि जेवणारा म्हणतो, संपली. पेडणे-डिचोलीच्या वाड्यांत चिऱ्यांच्या गडग्याला लागून सायकलवर येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, नेमका त्याच बाजूला असतो: भोंगा ऐकू येतो, सायकल जाणवत नाही. शिवाय ब्रेक दाबायला होणारा उशीर, लवकर येणारा थकवा. तोल व चक्कर यांमुळे दुचाकीचा प्रश्न चारचाकीपेक्षा अवघड असतो. फिट आली असेल, तर डॉक्टर सांगतील तोवर गाडी बंदच.

तपासणीत दृष्टिक्षेत्र पाहतात, कागदावर आकडे व अक्षरे आलटून पालटून जोडायला देतात. यात चांगले गुण मिळाले तरी रस्ता वेगळाच. म्हणून शेवटची परीक्षा जाणकार शेजारी बसवून प्रत्यक्ष गाडीत घेणे उत्तम. घरच्यांचे निरीक्षणही विचारले जाते, आणि ते बहुधा रुग्णाच्या म्हणण्यापेक्षा भरवशाचे निघते.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 16 नुसार आजार वा अपंगत्वामुळे चालक अयोग्य वाटल्यास परवाना अधिकारी वैद्यकीय दाखला मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. पण त्याला कळणार कसे? परवान्यासाठी स्वतःच्या प्रकृतीविषयी भरून द्यायच्या नमुना 1 मध्ये अपस्मार, अचानक शुद्ध हरपणे, चक्कर यांविषयी विचारतात खरे. उत्तर मात्र अर्जदारानेच लिहायचे असते. म्हणजे ज्याला स्वतःचे उणे उमगत नाही, त्यालाच साक्षीला बोलावल्यासारखे.

तपासणी पार पडेपर्यंत दिवसा कदंबची सरकारी बस किंवा पायलट, म्हणजे भाड्याने मोटारसायकलवरून नेणारा. तोल सावरलेला नसेल तर पायलटच्या मागेही बसू नये. आडगावात संध्याकाळची शेवटची बस गेली, की चावीवरून घरात वाद होतो तो याच वेळी.