सॅनिटेरियन व्हायला ‘तीच’ पदवी लागते?

अमेरिकेत हॉटेलच्या फ्रीजमधलं चिकन ४१ अंश फॅरनहाइटच्या वर गेलंय का, हे थर्मामीटर खुपसून बघणारा माणूस म्हणजे सॅनिटेरियन. पर्यावरणीय आरोग्याची पदवी नसेल तर या नोकरीचा नाद सोडा, असं सर्रास सांगितलं जातं. खोटं आहे. ‘नेहा’ (NEHA) या पर्यावरणीय आरोग्याच्या राष्ट्रीय संघटनेच्या नोंदणीसाठी मायक्रोबायोलॉजीचे पदवीधरही चालतात. त्यांच्यासाठी अटी अशा: विज्ञानाचे ३० सेमिस्टर-तास (म्हणजे क्रेडिट), कॉलेजपातळीचं गणित (हे हमखास विसरलं जातं!), २ वर्षांचा अनुभव आणि परीक्षा. मान्यताप्राप्त ‘तीच’ पदवी असेल तर अनुभवाची अट सुटते, एवढाच फरक. अनुभव अपुरा असला तरी प्रशिक्षणार्थी म्हणून परीक्षा आधी देता येते. भारतातली बी.एस्सी. असेल तर तिचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. परवान्याचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात.