काळी माती पाणी धरते, मुरवत नाही

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच मराठवाड्यात जूनच्या एका दणदणीत सरीने चौकांची तळी होतात. ‘उद्यानात शोषखड्डा खणा, आपली काळी माती पाणी पिते,’ हा सल्ला मग ठरलेला. पहिली सर ती पितेही; पण ती भेगांतून.

पुढच्या सरी मात्र वरच साचतात; त्याचे कारण सूक्ष्म आहे. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याचे कण म्हणजे एकावर एक रचलेले पापुद्रे. पापुद्र्यांवर ऋण प्रभार, त्यामुळे मधल्या फटींत कॅल्शियम-सोडियमचे धन आयन अडकलेले. ओल लागताच हे आयन पाण्याचे रेणू ओढून घेतात, पापुद्रे फाकतात, माती फुगते, भेगा मिटतात. कॅल्शियम हे फाकणे आवरून धरतो. सोडियम वाढला की आवर सुटतो. म्हणूनच खारवट बोअरवर जगवलेल्या बागेचा निचरा आणखी बिघडतो. पाणी मातीत असते, पण बारीक छिद्रांत जखडलेले.

त्यामुळे लँडस्केप आर्किटेक्टचे पहिले काम झाडे निवडणे नव्हे, खाली पाणी मुरते का हे पाहायला मुरूम लागेपर्यंत खड्डा घेणे. तो पाण्याने भरून रात्रभर ठेवायचा, सकाळी पुन्हा भरून पातळी तासाला किती मिलिमीटर उतरते ते मोजायचे. इथे नारळवाल्या पाणाड्याचे काही काम नाही. फूटपट्टी आणि घड्याळ पुरते.

आता हिशेब. ५०० चौ.मी. पेव्हर ब्लॉकवर ३० मिमी पाऊस पडला आणि दहा टक्के तिथेच जिरला, तरी १३,५०० लिटर वाहते. ते झेलायला मुरमापर्यंत खणलेल्या ५० चौ.मी.च्या खोलगट आळ्यात वर १५ सेंमी साठा धरला तर ७,५०० लिटर मावते. तळाला, मुरमावर, ३० सेंमी खडी. तिच्यात ४० टक्के पोकळी, म्हणजे ६,००० लिटर. मध्ये ४५ सेंमी भरड वाळू, कंपोस्ट आणि थोडी माती. कागदावर बेरीज जुळते. पण मधला थर पाणी सावकाश सोडतो, म्हणून सांडवा हवाच. आळे दोन दिवसांत रिकामे झाले तर डासांची भीती नाही. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो.

आळी बहुधा तीन कारणांनी फसतात. खणलेली काळी माती वाया कशाला घालवायची म्हणून तीच परत भरतात. पाणी आत येते तिथे गाळकुंडी नसते, मग पहिल्याच पावसाळ्यात वाळूवर गाळाची साय धरते. तिसरे अगदीच हास्यास्पद: आळ्याभोवती सलग कठडा बांधतात, पाणी आत शिरायला जागाच नसते. त्यावर इलाज सोपा आहे: दर दोन मीटरवर वीतभर खाच, आणि तिचा तळ फरशीपेक्षा बोटभर खाली.