क्रेडिट स्कोर काऊन पडला? ऑफिसला येण्याआधी हे वाचून घ्या

"भाऊ, एकही हप्ता चुकला नाही, तरी स्कोर काऊन पडला?" क्रेडिट स्कोर म्हणजे कर्ज देण्याआधी बँक पाहते तो आकडा, अन् त्याचा रिपोर्ट वाचून द्यायचं आमचं नागपुरातलं ऑफिस. तिथं रोज कोणी ना कोणी हेच विचारून राहिलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. हप्ता चुकला की स्कोर पडतो हे तुम्हाला माहीत आहे, त्यावर कागद वाया घालवत नाही.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो स्क्रीनशॉटमध्ये. लोकं मोबाईल पुढे करतात, त्यात ते रंगीत अर्धगोल आणि काटा ७२१ वर, म्हणतात मागच्या महिन्यात ७६८ होता, सांगा काय झालं. आता नुसत्या आकड्यावरून आम्ही काय सांगणार? आपल्याकडे स्कोर देणाऱ्या कंपन्या चार आहेत, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघींचा हिशोब आपापला, आणि एक अ‍ॅप एकीचा आकडा दाखवते तर दुसरं दुसरीचा. मानेवाड्याचे एक काका दोन दिवस झोपले नव्हते, शेवटी निघालं काय तर आधीचा आकडा एक्सपिरियनचा अन् नंतरचा सिबिलचा. पडलं काहीच नव्हतं! तर बाप्पा, स्क्रीनशॉट नको, पूर्ण रिपोर्ट आणा, खात्यांची पानं आणि शेवटी एन्क्वायरीचं, म्हणजे तुम्ही कर्ज मागितल्यावर कोणी तुमचा रिपोर्ट पाहिला त्याचं पान असते तो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि स्वतःचा स्कोर स्वतः पाहिल्यानं तो कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

खरंच पडला असेल तर कारण बहुतेक त्या पानांवर सापडतेच. आम्ही पहिले क्रेडिट कार्ड पाहतो. समजा लिमिट ५०,००० चं आहे आणि घरच्या लग्नाची ४२,००० ची खरेदी सीताबर्डीवर कार्डावर झाली, तुम्ही तारखेच्या आत पूर्ण बिल भरलं, पण बँकेनं माहिती पाठवली ती बिल निघालं त्या दिवसाच्या बाकीची, म्हणजे कागदावर ८४ टक्के लिमिट वापरलेली, अन् त्यानं स्कोर पडतो. वापर साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवलेला बरा, किंवा बिल निघायच्या आधीच थोडे भरून टाका. वापरत नाही म्हणून जुनं कार्ड बंद केलं तरी हेच होते, एकूण लिमिट घटली की तोच खर्च मोठा दिसतो. मग साळ्याच्या गाडीला जामीन राहिलेले असता, हप्ता तो चुकवते अन् डाग तुमच्या रिपोर्टवर. जुनं कर्ज तडजोडीत मिटवलं असेल तर तिथं 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' लिहिलेलं असते, आणि बँकवाले ते वाईटच धरतात.

स्कोर पडला म्हणून घाबरून चार अ‍ॅपवर 'बघू तरी मिळते का' करत लोनचे अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी चढते आणि आणखी पडतो. असं करून आलेल्यांना आम्ही सहा महिने थांबा म्हणतो, राग येतो त्यांना, पण आमचा नाईलाज आहे.

कर्ज तुमचं नसलं किंवा फेडलेलं खातं अजून चालू दिसत असलं तर स्कोर देणाऱ्या कंपनीकडे तक्रार ऑनलाईन करता येते, फुकट, तुम्ही स्वतःही करू शकता. पण बँकेनं हो म्हटल्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही, म्हणून एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळायचा नियम आहे, २०२४ च्या एप्रिलपासून. अन् १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान पंधरवड्याला तरी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दुरुस्ती पहिल्यापेक्षा लवकर दिसते.

मग आमचे ३०० रुपये कशाचे, असं विचारतात. रिपोर्टचं पान न् पान तुमच्यासोबत बसून वाचायचे, तक्रार लिहून द्यायचे आणि बँकेच्या मागे लागायचे. महिन्याभरात शंभर पॉईंट वाढवून देतो असं सांगणारे शहरात बरेच आहेत, आम्ही ते सांगत नाही, म्हणून काही गिऱ्हाईक उठून जाते, जाऊ द्या.

येताना रिपोर्टची प्रिंट आणि मागच्या तीन महिन्यांची कार्डाची बिलं आणा. पीडीएफ मोबाईलमध्येच असेल तर पासवर्ड आठवून या, अर्धा तास तिथंच जातो.