पार्श्वभूमी : नॉरफोकची विधानसभा कशी गेली

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून साधारण १,४०० किलोमीटरवर, न्यू कॅलेडोनिया आणि न्यूझीलंड यांच्या अधेमधे नॉरफोक बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम ३५ चौरस किलोमीटर. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली २,१८८. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते. नॉरफोकला १९७९ ते २०१५ अशी ३६ वर्षे स्वतःची विधानसभा होती, स्वतःचे मंत्री, स्वतःचे कर, बेटावर कोणी राहायचे हे ठरवणारे स्वतःचे परवाने आणि स्वतःची टपाल तिकिटे होती. जून २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राजधानीतल्या, म्हणजे कॅनबेरातल्या, संसदेच्या कायद्याने ती विधानसभा मोडीत निघाली. का, याचे उत्तर कॅनबेरात एक मिळते आणि बेटावर दुसरे. आजही नॉरफोकची कुठलीही बातमी उघडली, की थोड्याच वेळात गाडी त्याच वादावर येते.

हे बेट ज्वालामुखीतून वर आलेले आहे. बहुतेक सगळीकडे किनारा म्हणजे सरळ तुटलेले कडे. सर्वांत उंच डोंगर ३१९ मीटर. सरळसोट वाढणारे, आडव्या फांद्यांचे नॉरफोक पाइन इथलेच. त्याच झाडाची छोटी आवृत्ती आपल्याकडच्या रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकली जाते. बंदर मात्र नाही, आणि बेटाच्या अर्थकारणातल्या निम्म्या अडचणी इथून सुरू होतात. मालवाहू जहाज समुद्रातच उभे राहते. लाँच पडाव ओढत जहाजाजवळ नेते, जहाजाची क्रेन लाटांच्या हेलकाव्यात अंदाज घेत माल पडावात सोडते आणि धक्क्यावरची दुसरी क्रेन तो उचलून घेते. मोटार किंवा बस आणायची असेल तर दोन पडाव शेजारी शेजारी बांधून त्यावर ती तोलून आणतात. धक्के दोनच: दक्षिणेला किंग्स्टन, उत्तरेला कॅस्केड. वारा आणि लाटा बघून त्यातला एक निवडायचा. दोन्हीकडे समुद्र खवळलेला असेल तर जहाजाने नुसते थांबायचे. दुकानातल्या पिठापासून सिमेंटपर्यंत सगळ्याच्या किमतीत हा खर्च धरलेला असतो.

जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. काही शतकांपूर्वी इथे पॉलिनेशियन दर्यावर्दी राहून गेले, पण युरोपीय जहाज १७७४ मध्ये आले तेव्हा बेट रिकामे होते. १७८८ मध्ये, सिडनीची वसाहत सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच, ब्रिटिशांनी इथे कैदी आणि सैनिक आणले. डोलकाठ्यांसाठी पाइन आणि शिडांसाठी अंबाडीसारखी रानवनस्पती मिळेल ही आशा होती. ती फळली नाही आणि १८१४ मध्ये वसाहत गुंडाळली. १८२५ ते १८५५ हा दुसरा तुरुंग मुद्दाम कठोर ठेवलेला होता. मधली चार वर्षे, १८४० ते १८४४, एका सुधारक अधिकाऱ्याने फटक्यांऐवजी चांगल्या वागणुकीचे गुण देऊन सुटका जवळ आणण्याची पद्धत इथे राबवली. नंतर पुन्हा जुनेच सुरू झाले. किंग्स्टनमधल्या त्या काळच्या इमारती २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

आजच्या समाजाचा जन्म त्यानंतरचा. ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावर खलाशांनी कप्तानाविरुद्ध केलेले १७८९ चे बंड प्रसिद्ध आहे. बंडखोर आणि त्यांच्या ताहितियन बायका यांचे वंशज प्रशांत महासागरातल्या पिटकेर्न बेटावर वाढले. ते बेट अपुरे पडू लागले तेव्हा ब्रिटिश सरकारने रिकामे झालेले नॉरफोक त्यांच्यापुढे ठेवले. ८ जून १८५६ रोजी १९४ माणसे, म्हणजे पिटकेर्नची अख्खी वस्ती, किंग्स्टनच्या धक्क्यावर उतरली. काही कुटुंबे पुढे परत गेली, बाकीची राहिली. दर वर्षी ८ जूनला वंशज जुन्या पद्धतीचे कपडे घालून तो दिवस पुन्हा उभा करतात. धक्क्यावरून मिरवणूक निघते, स्मशानभूमीत जाऊन पूर्वजांची गाणी म्हटली जातात आणि मग सगळ्या कुटुंबांचे एकत्र जेवण होते. क्रिश्चन, क्विंटल, मॅकॉय, अॅडम्स, यंग, बफेट, एव्हान्स, नॉब्स ही आडनावे इतकी दाट, की टेलिफोनच्या डिरेक्टरीत माणसे टोपणनावाने शोधावी लागतात. घरात बोलली जाणारी नॉरफुक ही भाषा अठराव्या शतकातली इंग्रजी आणि ताहितियन यांच्या मिश्रणातून आली आहे. बेटाच्याच विधानसभेने २००४ मध्ये कायदा करून तिला इंग्रजीच्या जोडीला अधिकृत दर्जा दिला.

बेट कोणाचे, हा प्रश्न १८५६ पासूनचा. त्या वर्षीच्या ब्रिटिश फर्मानाने नॉरफोकला ‘वेगळी आणि स्वतंत्र वसाहत’ म्हटले. कारभार न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतीच्या (आताच्या राज्याच्या) गव्हर्नरकडे दिला, पण तो नॉरफोकचाही गव्हर्नर या नात्याने. पिटकेर्नहून आलेल्यांचे कायदे आणि चालीरीती शक्यतो जपाव्यात असेही ठरले होते. राणीने अख्खे बेट आपल्याला दिले, अशी वंशजांची पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा आहे. सरकारी बाजू म्हणते की कुटुंबागणिक जमिनीचे तुकडे दिले, बेट कधीच दिले नव्हते. १८९६-९७ मध्ये निवडलेल्या दंडाधिकाऱ्याची जुनी पद्धत संपवून कारभार न्यू साउथ वेल्सच्या कह्यात नेण्यात आला. १९०८ मध्ये किंग्स्टनच्या सरकारी इमारतींत राहणाऱ्या वंशजांना घरे रिकामी करायला लावली, आणि ते शल्य घराघरांत अजून सांगितले जाते. १९१४ मध्ये बेट ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारकडे गेले. यातल्या एकाही वळणावर बेटावरच्या लोकांचा कौल घेतला गेला नाही, ही बाब २०१५ समजून घेताना विसरून चालत नाही.

स्वराज्य आले ते मात्र काहीसे अनपेक्षित वाटेने. १९६० च्या दशकात इथे आयकर नाही हे हेरून मुख्य भूमीवरच्या कंपन्यांनी नावापुरती कार्यालये थाटली. केंद्राने कर कायदे आवळले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७६ मध्ये न्यायालयाने नॉरफोक हा ऑस्ट्रेलियाचाच भाग असल्याचे सांगितले. त्याच वर्षी एका चौकशी आयोगाने शिफारस केली की बेट पूर्णपणे मुख्य प्रवाहात घ्यावे: कर लावा, निवृत्तिवेतन आणि आरोग्यसेवा द्या, संसदेसाठी मतदान द्या. बेटावरून जोरदार विरोध झाला. तेव्हाच्या केंद्र सरकारने आयोगाचे न ऐकता उलटा रस्ता धरला. १९७९ च्या कायद्याने विधानसभा दिली आणि कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिले, की नॉरफोकने कालांतराने अंतर्गत स्वशासन मिळवावे हा संसदेचा हेतू आहे. बेटावरचे लोक या ओळीला वचन मानतात, आणि माझ्या मते ते चूक नाहीत. संसदेने स्वतःच्या हाताने लिहिलेले ते वाक्य आहे.

विधानसभेत नऊ सदस्य. पक्ष नाहीत. प्रत्येक मतदाराला नऊ मते, आणि त्यातली एकाहून अधिक मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. निवडून आलेल्यांतूनच मंत्री होत. विषयांच्या दोन याद्या होत्या. रस्ते, टपाल, वीज, आरोग्य, मद्यविक्री अशा पहिल्या यादीत बेटाचे सरकार स्वतः निर्णय घेई. सीमाशुल्क आणि स्थलांतर असे दुसऱ्या यादीतले विषय केंद्राच्या संमतीवर अवलंबून. केंद्राने नेमलेला प्रशासक कायद्यांवर सही करी. ऑस्ट्रेलियन नागरिकालाही बेटावर कायम राहायचे तर परवाना काढावा लागे. मुख्य भूमीचा आयकर नव्हता. त्याबरोबर तिथली सार्वजनिक आरोग्य योजना आणि निवृत्तिवेतनही नव्हते. बेटाने स्वतःची आरोग्य विमा योजना आणि वृद्धांसाठी स्वतःचे वेतन चालवले. पैसा यायचा आयात शुल्कातून, सरकारी मद्यभांडारातून, टपाल तिकिटांच्या संग्राहकांकडून आणि सर्वाधिक पर्यटकांकडून.

दोनेक हजार लोकांनी विमानतळ, रुग्णालय, वीज, टेलिफोन आणि न्यायव्यवस्था चालवायची, तेही बंदराशिवाय. हे काम त्यांनी तीन दशके निभावले, याची दखल मुख्य भूमीवरच्या अहवालांत फारशी घेतलेली दिसत नाही.

गाडे रुतले ते नव्या शतकात. बेटावर येणारी खासगी विमान कंपनी २००५ मध्ये बंद पडली. पर्यटन थांबले तर सगळेच थांबेल म्हणून बेटाच्या सरकारने २००६ पासून स्वतःची विमानसेवा सुरू केली. मग जागतिक मंदी आली, ऑस्ट्रेलियन डॉलर महागला, पर्यटक घटले आणि विमानसेवेचा तोटा सरकारी तिजोरीवर आला. स्थानिक विक्रीकर वाढत वाढत १२ टक्क्यांवर गेला, तरी रस्ते आणि रुग्णालय मोडकळीला येत राहिले. २०१० मध्ये बेटाच्या सरकारने केंद्राकडे मदत मागितली, आणि त्या बदल्यात आयकर व्यवस्थेत यायची तयारी दाखवली. त्याच वर्षी केंद्राने कायदा बदलून बेटाच्या आर्थिक कारभारावर देखरेख वाढवली. २०१२ च्या सुरुवातीला बेटाची विमानसेवा बंद झाली आणि केंद्राच्या अनुदानावर न्यूझीलंडची विमान कंपनी उडू लागली.

गुंता नेमका याच टप्प्यावर आहे. कॅनबेराचे म्हणणे असे, की बदल बेटानेच मागितला. पैसे संपले होते, आजारी माणसांना मुख्य भूमीवर न्यायला पैसे नव्हते, म्हातारी माणसे तुटपुंज्या वेतनावर दिवस काढत होती, आणि २०१४ मध्ये संसदेच्या समितीने बेटावर येऊन, लोकांशी बोलून स्वशासन संपवण्याची शिफारस केली. यातली आर्थिक बाजू खरी आहे. बेटावरही अनेकांना, विशेषतः वृद्धांना आणि कमी पगारात राबणाऱ्यांना, मुख्य भूमीच्या सोयी हव्या होत्या. पण २०१० ची तयारी कर भरण्याची आणि त्या बदल्यात सेवा घेण्याची होती. निवडलेली विधानसभा रद्द करा, असे बेटाच्या सरकारने कधी म्हटले नव्हते. कर आणि स्वशासन एकत्र नांदू शकत नाहीत असा काही नियम नाही. ऑस्ट्रेलियाचेच इतर प्रदेश विधानसभा राखून केंद्राचा कर भरतात. ‘मदत हवी’ या वाक्याचा अर्थ ‘सभागृह नको’ असा लावला गेला, तो बेटाला विचारून लावलेला नव्हता.

विचारले बेटानेच. मार्च २०१५ मध्ये विधेयक कॅनबेरात मांडले गेले. ८ मे रोजी विधानसभेने सार्वमत घेतले. प्रश्न ‘ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायचे का’ असा नव्हता. आपला राजकीय दर्जा ठरवण्याचा हक्क नॉरफोकच्या लोकांना असावा का, आणि असे बदल कायदा होण्याआधी त्यांचा कौल घ्यावा का, एवढेच विचारले होते. ६८ टक्क्यांनी होकार दिला. सहा दिवसांनी संसदेने विधेयक मंजूर केले. सार्वमताला कायदेशीर बंधन नव्हते हे बरोबर. पण एक सबंध सभागृह बरखास्त करताना तिथल्या लोकांचे ताजे मत हातात असून त्याची वाट न धरणे, ही या निर्णयातली सर्वांत दुबळी जागा आहे. विधानसभा पुढच्या महिन्यात गेली. किंग्स्टनच्या हिरवळीवर निषेध म्हणून हात उंचावल्यासारखे हिरवे पंजे रोवले गेले, पुढच्या वर्षी जुन्या विधानसभेच्या आवारात निषेधाचे तंबू पडले, आणि एक शिष्टमंडळ संयुक्त राष्ट्रांकडे गेले: स्वशासन न मिळालेल्या प्रदेशांच्या यादीत आमचे नाव घाला, म्हणून.

१ जुलै २०१६ पासून व्यवस्था पूर्ण बदलली. आयकर आला, आरोग्य योजना, औषध अनुदान आणि निवृत्तिवेतनही आले. बेटाचा विक्रीकर गेला आणि मुख्य भूमीचा लावला गेला नाही. स्थलांतर आणि सीमाशुल्क केंद्राकडे गेले, स्वतंत्र टपालखाते संपले. विधानसभेच्या जागी पाच सदस्यांची प्रादेशिक परिषद आली. जमिनीवर पट्टी लागू झाली, आणि पैशाच्या दृष्टीने गरीब पण वडिलोपार्जित जमीन असलेल्या वंशज कुटुंबांना तीच जास्त जाचली. निवृत्तिवेतन आणि औषधे मिळू लागल्याने काही घरांचे दिवस पालटले, हेही तितकेच खरे.

परिषदेचा अनुभव फारसा सुखाचा ठरला नाही. विमानतळ, वीज, टेलिफोन अशी कामे शहरी नगरपालिकेकडे नसतात, ती या परिषदेच्या गळ्यात होती आणि उत्पन्न मात्र पालिकेएवढे. २०२१ च्या सुरुवातीला केंद्राने परिषद निलंबित केली, चौकशी नेमली आणि वर्षअखेरीस सदस्यांना पदमुक्त करून कारभार नेमलेल्या प्रशासकाकडे सोपवला. पुढची निवडणूक लांबणीवर टाकली गेली. विधानसभा अकार्यक्षम म्हणून काढली, तिच्या जागी आणलेली परिषद पाच वर्षांत कोलमडली, तरी त्यासाठी २०१५ च्या आराखड्याला फारसे कोणी जबाबदार धरलेले नाही.

मतदानाची घडीही विस्कटलेलीच आहे. राज्य पातळीवरच्या सेवा, म्हणजे शाळा आणि रुग्णालय, सुरुवातीला न्यू साउथ वेल्सकडे होत्या. त्या राज्याने अंग काढून घेतले आणि १ जानेवारी २०२२ पासून शिक्षण आणि आरोग्याची जबाबदारी क्वीन्सलँडने घेतली. बेटावर लागू होणारे राज्य कायदे मात्र अजून बऱ्याच अंशी न्यू साउथ वेल्सचेच, आणि संसदेसाठी नॉरफोकचे मत मोजले जाते कॅनबेराच्या मतदारसंघात. मुलाला क्वीन्सलँडच्या शिक्षण खात्याचा शिक्षक शिकवतो, भाडेकरूचा तंटा न्यू साउथ वेल्सच्या कायद्याने सुटतो, आणि या दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांत बेटावरच्या कोणालाही मत नाही. बेटाला पुन्हा निवडलेले सभागृह द्यायचे का आणि त्याच्या हाती नेमके काय ठेवायचे, यावर केंद्र आणि बेटावरच्या प्रतिनिधींच्या बैठका झाल्या आहेत.