पोटगी मुलाची, भांडण आईबापांचे

"मुलाला भेटूच देत नाही, मग पैसे कशाला देऊ?" आणि "पैसे देत नाही, मग मुलाला कशाला पाठवू?" कौटुंबिक न्यायालयात ज्यांनी खेटे घातले आहेत, त्यांना ही दोन्ही वाक्ये पाठ असतात. कायद्याचे उत्तर आज बहुतेक देशांत सारखेच आहे: भेट वेगळी, पोटगी वेगळी, एकीपायी दुसरी अडवता येत नाही. हे ऐकायला सोपे वाटते. पण मुलाचे पैसे मोठ्यांच्या भांडणातून बाहेर काढायला काही शतके लागली आणि ते काम अजून पुरते झालेले नाही.

मुळात सुरुवात मुलाच्या हितापासून झालीच नव्हती. इंग्लंडमध्ये १५७६ च्या कायद्याने विवाहबाह्य मुलाच्या आईबापांकडून दर आठवड्याला ठरावीक रक्कम घेण्याचा अधिकार स्थानिक दंडाधिकाऱ्यांना दिला. गोरगरिबांना पोसण्याचा खर्च स्थानिक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार आखलेल्या स्थानिक कारभाराच्या घटकावर पडे, तो वाचवायचा होता. १८३४ च्या गरीब कायद्याने तर सगळेच उलटे केले. बायका पैशासाठी कुणाचेही नाव घेतात, असा तर्क लढवून अशा मुलाचा भार मुख्यतः आईवर टाकला गेला आणि बापाला धरणे फार अवघड झाले. ओरड झाली, तेव्हा १८४४ मध्ये आईला स्वतः दाद मागण्याचा हक्क मिळाला; कमाल रक्कम आठवड्याला अडीच शिलिंग.

भारतात ब्रिटिशांनी केलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हीच नजर दिसते. बायकोमुलांची पोटगी हा खरे तर दिवाणी विषय, पण १८९८ च्या संहितेत तो कलम ४८८ म्हणून आला, कारण निराधार माणसे रस्त्यावर येऊ नयेत ही सरकारची चिंता होती. कमाल रक्कम महिना ५० रुपये. वाढत वाढत ती १९५५ मध्ये ५०० झाली. १९७३ च्या नव्या संहितेत कलम १२५ आले, पण आकडा तोच राहिला. काही राज्यांनी आपापल्यापुरती मर्यादा वाढवली. केंद्रीय कायद्यातून ती गेली थेट २००१ मध्ये. तोवर ४६ वर्षांची महागाई कुणाच्या खिशातून गेली, हे सांगायला नको. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

मर्यादा गेली तरी रक्कम ठरवायची कशी, हा प्रश्न उरतोच. न्यायाधीशाच्या विवेकावर सोडले, तर सारख्याच मिळकतीच्या दोन बापांना वेगवेगळे आकडे मिळतात, आणि आपल्यावरच अन्याय झाला असे दोघांनाही वाटते. यावर अमेरिकेने सूत्राचा मार्ग धरला: १९८४ मध्ये राज्यांना मार्गदर्शक आकडेवारी ठरवायला सांगितली आणि १९८८ मध्ये ती न्यायालयांनी सामान्यतः पाळावी असे केले. ब्रिटनने १९९१ चा कायदा करून १९९३ पासून हे काम एका सरकारी यंत्रणेकडे दिले. तिचे सूत्र इतके किचकट होते, आणि आधी आपसात झालेल्या तडजोडीही त्यात अशा विस्कटल्या, की लोक रस्त्यावर उतरले. पुढे २००३ पासून सरळ टक्के आले: तेव्हा एका मुलाला निव्वळ मिळकतीच्या १५, दोघांना २०, तीन किंवा अधिक मुलांना २५.

वाद मात्र संपला नाही, त्याने जागा बदलली. ब्रिटनमध्ये मूल पैसे देणाऱ्याकडे वर्षात ५२ रात्री राहिले की रक्कम सातव्या हिश्शाने घटते. म्हणजे ५१ आणि ५२ यांच्यात पैशाचा फरक, आणि मग डायऱ्या काढून रात्री मोजणे आले. दुसरी जागा मिळकतीची. पगारदाराचा आकडा लपत नाही. धंदा करणाऱ्याचा नेमका निकाल जवळ आला की रोडावतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र दिलेच पाहिजे असे ठरवले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, असेही त्याच निकालात आहे, त्यामुळे तारखा लांबवण्यातला फायदा बराच कमी झाला.

वसुलीचा इतिहास आणखी कडवट. तुरुंग हा जुना उपाय, पण कैदेतला माणूस कमावणार काय? भारतात कुलदीप कौर खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तुरुंगवास हा पैसे भरायला लावण्याचा मार्ग आहे. तो भोगला म्हणून थकबाकी फिटत नाही. अमेरिकेत २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयातील टर्नर विरुद्ध रॉजर्स या खटल्यात दुसरी बाजू पुढे आली: खरोखर ऐपत आहे का, हे नीट तपासल्याशिवाय डांबू नका. त्याच देशात १९८६ पासून साचलेली थकबाकी न्यायालयाला मागाहून माफ करता येत नाही. नोकरी गेली तर रक्कम कमी करण्याचा अर्ज लगेच करावा लागतो. अर्ज न करता हप्ते थांबवणाऱ्याचे कर्ज वाढतच जाते. गप्प राहून हप्ते थांबवणे हा कुठल्याही देशात सर्वांत महाग पडणारा मार्ग आहे, असे माझे मत.

स्वीडनने १९३७ मध्येच वेगळी वाट काढली. बापाने पैसे दिले नाहीत, तर सरकारने मुलाला आगाऊ द्यायचे आणि मग बापाच्या मागे लागायचे. जर्मनीत अशी योजना १९८० पासून आहे आणि २०१७ पासून ती मूल १८ वर्षांचे होईपर्यंत मिळू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम २७ मध्ये आईबापांकडून पोटगी वसूल करून देणे हे राज्याचे काम म्हणून आले, अगदी आईबाप परदेशी असले तरी. स्वीडन-जर्मनीतले आगाऊ पैसे मात्र कायद्याने ठरवलेल्या किमान पातळीचेच असतात. त्यापेक्षा जास्त पोटगी ठरलेली असेल, तर वरच्या फरकासाठी पुन्हा त्याच माजी जोडीदाराकडे जावे लागते.